पोथी, भाषा आणि आसन

(शेगाव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांनी या भागातल्या मुलांना वर्षानुवर्षे भाषा शिकवली. म्हणूनच असेल, आयोजकांनी विषयाचे बंधन घातले नाही. शिकण्याविषयी काही बोला, एवढेच सांगितले. मी आजवर पाली शिकवत आलो. तेव्हा बौद्ध विद्येच्या उच्च शिक्षणाविषयी बोलतो. एम.ए.ला किंवा पीएच.डी.ला बौद्ध धर्म हा विषय घेणारा विद्यार्थी आज काय शिकतो आणि त्याने काय शिकायला हवे, हा आजचा प्रश्न आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. बौद्ध धर्म शिकायचा तर ग्रंथ वाचले पाहिजेत, ते मूळ भाषेत वाचले पाहिजेत, आणि त्या ग्रंथांत जे करायला सांगितले आहे ते काही काळ तरी स्वतः बसून करून पाहिले पाहिजे. ही तिन्ही कामे एकाच माणसाने एकाच काळात केली पाहिजेत. महाराष्ट्रात आज तिन्ही चालतात, पण तीन ठिकाणी, तीन वेगळ्या प्रकारच्या माणसांकडून. इतिहासाचा प्राध्यापक भाषांतरावर भागवतो. पालीचा विद्यार्थी विभक्ती पाठ करतो. शिबिराला जाणारा साधक पुस्तक बाजूला ठेवतो. तिघांची एकमेकांशी गाठच पडत नाही. ही फाटाफूट आपल्या परंपरेतली नाही, आणि मराठीपुरते बोलायचे तर आपल्याकडच्या पहिल्या मोठ्या बौद्ध अभ्यासकाच्या आयुष्यातही ती नव्हती. म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

धर्मानंद कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यात सांखवाळला झाला. शाळेत ते फारसे गेलेच नाहीत. घरच्या नारळाच्या बागा सांभाळत असताना ‘बालबोध’ मासिकात आलेले बुद्धाचे छोटे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्या माणसाने ठरवले की हा धर्म मुळापासून शिकायचा. १८९९च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे राहिल्या. त्यांच्या विद्येची किंमत बाळाबाईंनीही मोजली आहे, हे कोसंबींचे गुणगान करताना आपण सांगत नाही. ते सांगितले पाहिजे.

पुण्यात ते डॉ. रा. गो. भांडारकरांना भेटले. पुढे काशीला गेले आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. मग बुद्धाचा देश म्हणून नेपाळ गाठला, पण तिथे त्यांना हवे ते सापडले नाही. बोधगया आणि कलकत्ता करून १९०२ साली ते सिंहलद्वीपात, कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पोचले. हे विद्यालय १८७३ साली सुमंगल महाथेरांनी काढलेले. तिथे कोसंबी श्रामणेर झाले आणि पाली शिकले. आज आपण ‘गुरुकुल’ हा शब्द फार सैल वापरतो. विद्योदय हे खऱ्या अर्थाने भिक्खूंचे विद्यापीठ होते. व्याकरण, अभिधम्म आणि विनय यांचे अध्ययन होई आणि दिवसाची आखणी भिक्खूच्या दिनचर्येप्रमाणे असे.

त्यानंतर ते ब्रह्मदेशात गेले, आणि त्यांच्या शिक्षणाचा आपल्याकडे सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग इथे आहे. लोकमान्यांच्या तुरुंगवासामुळे मराठी माणसाला मंडाले माहीत आहे. मंडालेजवळ इरावतीच्या पलीकडे सगाईंच्या टेकड्या आहेत. त्या मात्र आपल्याला माहीत नाहीत. या टेकड्यांतल्या एका गुहेत कोसंबी ध्यानाचा अभ्यास करायला राहिले. सोबत त्यांच्याच वयाचा एक जर्मन भिक्खू होता, ज्ञानतिलोक नावाचा. जर्मनांमधला तो पहिला भिक्खू. अर्हत म्हणून ख्याती असलेल्या एका वृद्ध भिक्खूकडून दोघांनी समाधी आणि विपश्यना यांचे मार्गदर्शन घेतले.

पुढे काय झाले ते पाहा. कोसंबींनी आयुष्याचा मोठा भाग ज्या एका ग्रंथाला दिला तो म्हणजे बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’. पाचव्या शतकात अनुराधपूरच्या महाविहारात रचलेला हा ग्रंथ शील, समाधी आणि प्रज्ञा अशा क्रमाने जातो आणि ध्यानाचे चाळीस विषय एकेक करून सांगतो. हेन्री क्लार्क वॉरेन या अमेरिकन पंडिताने त्याची संशोधित आवृत्ती हाती घेतली होती, पण १८९९ साली तो वारला आणि काम अर्धवट राहिले. ते पुरे करायला हार्वर्डने १९१० साली बोलावले ते कोसंबींना. तिथले प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले, काम थांबले, पुन्हा सुरू झाले. कोसंबींना त्यासाठी अमेरिकेच्या अनेक वाऱ्या कराव्या लागल्या. हार्वर्डची आवृत्ती अखेर निघाली १९५० साली, कोसंबींच्या मृत्यूनंतर. दरम्यान त्यांनी १९४० साली मुंबईत भारतीय विद्या भवनाकडून या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती काढली होती आणि पुढे त्यावर पालीतच ‘दीपिका’ नावाची टीकाही लिहिली.

आणि तो गुहेतला जर्मन सोबती? त्याने सिंहलमध्ये एका छोट्या बेटावर आश्रम काढला आणि याच विसुद्धिमग्गाचे जर्मन भाषांतर केले. त्याच आश्रमात ज्ञानमोली नावाचा एक इंग्रज भिक्खू झाला. जगभर आज विसुद्धिमग्ग वाचला जातो तो बहुतेक याच ज्ञानमोलींच्या १९५६ सालच्या इंग्रजी भाषांतरातून, आणि त्या भाषांतरात वॉरेन-कोसंबींच्या हार्वर्ड आवृत्तीचे परिच्छेद-क्रमांक दिलेले आहेत. सगाईंच्या गुहेत एकत्र बसलेले दोन तरुण, आणि ध्यानाच्या सर्वांत मोठ्या पाली ग्रंथाची शुद्ध संहिता आणि दोन युरोपीय भाषांतरे, या सगळ्यांची नाती अशी जुळतात. ज्यांनी आसनावर बसून पाहिले होते त्यांनीच पाठभेदही जुळवले. मला हा योगायोग वाटत नाही. ब्रह्मी आणि सिंहली पोथ्यांतला कोणता पाठ बरोबर, हे ठरवताना व्याकरण लागते. पण सांगितलेली कृती प्रत्यक्षात कशी होते याची कल्पना असली की पुष्कळ शंका पटकन सुटतात.

कोसंबींविषयी आणखी एकच सांगतो. कलकत्ता विद्यापीठातली बऱ्या पगाराची नोकरी सोडून ते महाराष्ट्रात आले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेल्या महिना ५० रुपयांवर. अट एवढीच होती की महाराष्ट्रात कुठेही राहावे आणि लिहावे. आपल्या लोकांना त्यांच्याच भाषेत बुद्ध कळावा, ही त्यांची तळमळ होती. १९१० सालचे ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक म्हणजे बडोद्याला दिलेली व्याख्यानेच आहेत. १९१२ ते १९१८ ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत होते. पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वै. राजवाडे, चिं. वि. जोशी ही मंडळी तिथूनच तयार झाली. हो, चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी पालीचे मोठे पंडित होते; पालीचे व्याकरण त्यांनी १९१६ सालीच लिहिले. ४ जून १९४७ रोजी कोसंबींनी सेवाग्रामला, आपल्याच विदर्भात, अन्नत्याग करून देह ठेवला.

आता शिष्यांपैकी एकाकडे वळतो, कारण भाषा का शिकायच्या याचे उत्तर बापटांच्या कामात आहे. विसुद्धिमग्गाच्या आधीचा, उपतिस्स नावाच्या थेरांचा ‘विमुत्तिमग्ग’ नावाचा ध्यानग्रंथ होता. मूळ पाली ग्रंथ हरवला. सहाव्या शतकाच्या आरंभी संघपाल नावाच्या भिक्खूने केलेले त्याचे चिनी भाषांतर तेवढे पूर्ण रूपात उरले. बुद्धघोषाने जुन्यातून काय घेतले आणि स्वतःचे काय घातले, हे कळायचे तर चिनी वाचता आले पाहिजे. बापट चिनी शिकले. हार्वर्डला जाऊन दोन्ही ग्रंथ ओळीला ओळ लावून पाहिले आणि १९३७ साली पुण्यातून तो तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे विमुत्तिमग्गाचे एक प्रकरण तिबेटीत सापडते म्हणून ते तिबेटी पाठही संपादित करून गेले. त्यांच्याच पिढीतले वा. वि. गोखले जर्मनीत शिकून आले आणि तिबेटीचे जाणकार झाले. ज्या महाराष्ट्राने हे करून दाखवले, त्याच महाराष्ट्रात आज पाली, तिबेटी आणि चिनी तिन्ही वाचणारा मराठी तरुण शोधावा लागतो.

तुम्ही म्हणाल, एवढ्या भाषा कशाला? ज्याला ध्यान करायचे त्याला एक सूत्र पुरे. तर त्या एका सूत्राचेच उदाहरण घेऊ. सतिपट्ठान सुत्त हे विपश्यनेच्या साधकांना पाठ असते. पालीत ते दोनदा येते, मज्झिम निकायात आणि विस्ताराने दीघ निकायात. त्याची आणखी दोन रूपे चिनी आगमांत, म्हणजे चिनी भाषेतल्या सूत्रसंग्रहांत, जपलेली आहेत. पाली आणि हे दोन चिनी पाठ अशा तिन्ही परंपरा शेजारी ठेवल्या तर कायेच्या निरीक्षणात तीनच गोष्टी सगळीकडे सापडतात: शरीराचे अवयव, शरीरातले धातू आणि प्रेताची अवस्था. ज्या श्वासापासून आज बहुतेक शिबिरे सुरू होतात तो पालीत आणि एका चिनी पाठात आहे, दुसऱ्या चिनी पाठात नाही. यावरून श्वासाचे ध्यान खोटे ठरत नाही. आनापानसतीला तिचे स्वतंत्र सूत्र आहेच. पण वेगवेगळ्या प्रदेशांतल्या आचार्यांनी एकच शिकवण कशी रचली, कशावर भर दिला, हे साधकाला कळले तर त्याचा दुराग्रह कमी होतो. माझीच पद्धत बुद्धाची, तुझी नव्हे, ही भांडणे निम्म्याने मिटतील.

याउलट फक्त वाचणाऱ्याचे काय होते तेही सांगतो. श्वास मोजताना पाचाच्या आत थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये, असे बुद्धघोष सांगतो. कारणही देतो: पाचाच्या आत मन अरुंद गोठ्यात कोंडलेल्या गुरांसारखे धडपडते, दहाच्या पुढे ते श्वास सोडून आकड्यालाच धरून बसते. वर्गात हे वाचले की विद्यार्थी वहीत ‘पाच ते दहा’ असे लिहून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. ज्याने पहाटे अर्धा तास बसून मोजून पाहिले आहे, त्याला ही ओळ वाचताना लेखक ओळखीचा वाटतो. पंधराशे वर्षांपूर्वीच्या माणसाने आपल्याच मनाचा अनुभव लिहून ठेवला आहे, हे त्याला समजते. अभिधम्मात चित्ताचे जे ८९ भेद येतात, ज्यांना विद्यार्थी सर्वांत जास्त घाबरतात, ते कोणी हौसेने रचलेले नाहीत. मनाकडे दीर्घकाळ पाहणाऱ्यांनी ते मांडले आहेत. ही ओळख नसेल तर अभिधम्म म्हणजे नुसती कोष्टके उरतात.

अर्थात परंपरेला यातला ताण ठाऊक होता, आणि तो लपवून मी माझी बाजू सजवणार नाही. विसुद्धिमग्गात ध्यानाच्या वाटेतल्या दहा अडथळ्यांची यादी आहे. निवास, कुळ, लाभ, प्रवास, आजार अशा अडथळ्यांत एक आहे ग्रंथ. होय, ग्रंथाध्ययन हाच अडथळा! तिथे एक कथा येते. मज्झिम निकायाचे अध्ययन करणारे एक थेर दुसऱ्या थेरांकडे ध्यानाचा विषय मागायला जातात. दुसरे थेर म्हणतात, मज्झिम निकाय सांभाळणे अवघड. पहिली पन्नास सूत्रे पाठ करेपर्यंत मधली पन्नास समोर उभी राहतात, ती होईपर्यंत शेवटची. तुला ध्यानाला वेळ कुठला? पहिले थेर सांगतात, आपण विषय दिलात तर मी पुन्हा ग्रंथाकडे पाहणार नाही. एकोणीस वर्षे ते पाठ करत नाहीत आणि विसाव्या वर्षी अर्हत होतात. मग भिक्खू पाठासाठी येतात तेव्हा ते म्हणतात, वीस वर्षांत मी ग्रंथ पाहिलेला नाही, पण मला तो परिचित आहे, सुरू करा. आणि आरंभापासून शेवटपर्यंत त्यांचे एक अक्षरही अडखळत नाही.

ही कथा दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने सांगतात. साधक म्हणतात, बघा, ग्रंथ सोडला तेव्हा मुक्ती मिळाली. मी विद्यार्थ्यांना त्या थेरांनी ग्रंथ आधी पाठ केला होता याची आठवण देतो. शिवाय मुक्त झाल्यावर त्यांनी केले काय? शिकवायला बसले. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात वाचन-लेखन बंद असते. ते योग्यच आहे. अडथळा तेवढ्या काळापुरता दूर ठेवायचा असतो. पण शिबिरातून बाहेर पडल्यावर वर्षभर एकही सूत्र न उघडणे, आणि वर ‘पुस्तकी ज्ञानाचा उपयोग नाही’ असे म्हणणे, याला परंपरेचा आधार नाही.

इथे विदर्भात बोलताना एक गंभीर आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांवर बौद्ध नोंदले गेले. देशातल्या बौद्धांपैकी चारात तीन जण आपल्या राज्यात आहेत. या समाजातले अनेक विचारी कार्यकर्ते म्हणतात, ध्यानात डोळे मिटून बसवण्याने लढणारा माणूस थंड होतो. बाबासाहेबांनी आम्हाला समतेसाठी धम्म दिला, एकांतासाठी नव्हे. हा आक्षेप मी मनापासून मानतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच बाबासाहेबांनी विचारले आहे की भिक्खू निर्माण करण्यात बुद्धाचा हेतू काय होता: स्वतःपुरता परिपूर्ण माणूस, की लोकांचा सेवक? सेवक नसलेला भिक्खू त्यांना नको होता.

पण याच बाबासाहेबांनी प्रकृती ढासळत असताना पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर काम केले. राज्य शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात ते १९९८ साली प्रसिद्ध झाले आहे. १९५० साली औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंदाचे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा उत्तर देणारा भिक्खू. ज्या माणसाने आपल्या संस्थांना ही नावे दिली, त्याला न विचारता बसणारे साधक नको होते आणि न वाचता बोलणारे वक्तेही नको होते. माझी समजूत अशी की अन्यायाविरुद्ध वर्षानुवर्षे उभे राहणाऱ्यालाच मनाच्या शिक्षणाची जास्त गरज असते. द्वेषाने आलेले बळ लवकर संपते. ध्यानामुळे कोणी लढा सोडत असेल तर त्याला शिकवलेले ध्यान अपुरे आहे, आणि ते अपुरे आहे हे दाखवून द्यायला सूत्रेच हाताशी लागतात.

आता आजची स्थिती थोडक्यात. सत्यनारायण गोयंकांनी ब्रह्मदेशातून येऊन १९६९ साली मुंबईत पहिले शिबिर घेतले. १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र उभे राहिले आणि १९८५ साली विपश्यना विशोधन विन्यास ही संशोधन संस्था निघाली. या संस्थेने रंगूनच्या सहाव्या संगीतीतला संपूर्ण तिपिटक अट्ठकथांसह देवनागरीत छापला, संगणकावर आणला, निवासी पाली वर्ग घेतले आणि मुंबई विद्यापीठाशी मिळून अभ्यासक्रमही चालवले. त्याआधी १९५६ ते १९६१ या काळात भिक्खू जगदीश काश्यपांनी नालंदाहून देवनागरी तिपिटकाचे ४१ खंड काढले होते. कोसंबींना सिंहली आणि ब्रह्मी लिपी शिकल्यावाचून जे वाचता येत नव्हते, ते आज शेगावच्या मुलाच्या फोनवर त्याच्याच लिपीत आहे. पुण्याच्या विद्यापीठात पाली विभाग आहे, नागपुरात पाली-प्राकृत विभाग आहे, वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात भदंत आनंद कौसल्यायनांच्या नावाचे बौद्ध अध्ययन केंद्र आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्याच दिवशी पालीलाही मिळाला. मराठीच्या आनंदात आपण ही दुसरी बातमी वाचली का?

साधने एवढी वाढली, तरी विद्यार्थी मात्र तिथेच आहे. एम.ए. पाली झालेले असे पदवीधर मला भेटले आहेत ज्यांनी एकही सूत्र आरंभापासून शेवटपर्यंत मुळात वाचलेले नाही. गाइड आणि झेरॉक्स नोट्स यांवर पदवी निघते, पुढे नेट-सेटची तयारी सुरू होते. दोष मुलांचा नाही. हीच मुले लहानपणापासून दर पौर्णिमेला विहारात त्रिशरण, पंचशील, बुद्धवंदना स्वच्छ पालीत म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यांत सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडी जी पाली आहे ती जगातल्या कितीतरी विद्यापीठांना ऐकायला मिळत नाही. जी भाषा मुलाला पाठ आहे, तिचा अर्थ आणि व्याकरण त्याच्यापुढे ठेवायला आपण त्याला एम.ए.पर्यंत थांबवतो, आणि तेव्हाही ते नीट ठेवत नाही.

बाहेर काय चालते? काठमांडूच्या बौद्धनाथ परिसरात चोक्यी न्यिमा रिन्पोचे यांच्या विहारात १९९७ पासून रांगजुंग येशे ही संस्था चालते. काठमांडू विद्यापीठाची पदवी तिथे मिळते. लामांचे ग्रंथाध्यापन, विद्यापीठीय पद्धतीची चिकित्सा, तिबेटी आणि संस्कृत, आणि साधना, सगळे एकाच आवारात. जगभरातून विद्यार्थी तिथे येतात. यात नवे काही नाही. सातव्या शतकात ह्यूएन-त्संग चीनहून नालंदेला आला तो मुख्यतः योगाचारभूमी हा ग्रंथ शिकायला. साधनेच्या पायऱ्या सांगणारा तो प्रचंड ग्रंथ त्याने वृद्ध शीलभद्रांकडून संस्कृतात शिकला. भाषा, शास्त्र आणि साधना यांची वेगवेगळी खाती नालंदेत नव्हती. 

मग आपल्याकडे कसा अभ्यासक्रम असावा? मला जो सुचतो तो साधा आहे. पहिले वर्ष पालीचे, रोज तासिका, आणि वर्षभरात फक्त दोनच ग्रंथ: धम्मपद आणि मज्झिम निकायातली निवडक सूत्रे, पण शब्द न शब्द. दुसऱ्या वर्षी संस्कृत, तिबेटी किंवा चिनी यांपैकी एक भाषा, आणि पालीत वाचलेल्याच एखाद्या सूत्राचे त्या भाषेतले रूप. इतिहास, शिलालेख आणि लेण्यांचा अभ्यास दोन्ही वर्षे. बाबासाहेबांचा ग्रंथ दोन्ही वर्षे, त्यांनी आधारासाठी घेतलेली पाली सूत्रे समोर ठेवून. आणि दर सत्रात एकदा सलग दहा दिवसांची साधना, शिवाय रोज सकाळी वर्ग सुरू होण्याआधी अर्धा तास.

ध्यानाला गुण मात्र देऊ नयेत. ज्या दिवशी ध्यानाला पन्नासपैकी गुण मिळतील त्या दिवशी ते ढोंग होईल. वेळापत्रकात जागा द्यावी, शिकवणारा जाणकार असावा, आणि ज्याला बसायचे नसेल त्याला मोकळीक असावी. मुसलमान, ख्रिस्ती, नास्तिक विद्यार्थीही हा विषय शिकायला येतील आणि यावेत. श्रद्धेने बसलेल्याला चिकित्सेची सवय लागावी आणि चिकित्सकाला बसण्याची. शिक्षक असे कुठून आणायचे, असा प्रश्न अधिकारी विचारतील. मी म्हणतो, भिक्खूंना पाहुणे प्राध्यापक नेमा आणि प्राध्यापकांना शिबिरासाठी पगारी रजा द्या. काही वर्षांत माणसे तयार होतील. फर्ग्युसनला एक कोसंबी सहा वर्षे होते, तेवढ्यात काय घडले ते मघाशी सांगितले.

शेगावात हे का सांगतो? इथे रोज हजारो लोक ‘गजानन विजय’ पोथीच्या एकवीस अध्यायांचे पारायण करतात. ग्रंथ म्हणजे केवळ माहिती नव्हे, वाचणाऱ्याने त्यासाठी आसन मांडायचे असते, नेम पाळायचा असतो, हे या गावाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. आणि दुसरे कारण जमिनीतले आहे. इथून उत्तरेला, संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या काठी भोन हे गाव आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वीच्या काळातला विटांचा स्तूप उजेडात आला. अजिंठ्याच्या डोंगराकडे पाहणाऱ्या आपल्या लोकांना पूर्णाकाठच्या मातीतही बौद्ध वस्ती होती हे त्यामुळे कळले. ती जागा जिगाव धरणाच्या बुडित क्षेत्रात येते. या भागाला पाणी हवे आहे, शेतकऱ्याच्या गरजेपुढे मी वाद घालणार नाही. पण ती जागा जाण्याआधी तिची पूर्ण नोंद, मोजमाप, छायाचित्रे आणि सापडलेल्या वस्तूंचे जिल्ह्यातच संग्रहालय, एवढे तरी झालेच पाहिजे. ते काम करायला बौद्ध विद्या शिकलेली इथलीच मुले हवीत.

आपला जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो. या सभेतून त्या विद्यापीठाला एक विनंतीपत्र जावे, असे मी सुचवतो: भाषा, ग्रंथ आणि साधना एकत्र शिकवणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पश्चिम विदर्भात सुरू करा. पत्र मी लिहून आणले आहे, दाराशी टेबलावर ठेवले आहे. पटले तर सही करा. पण विद्यापीठाची वाट पाहू नका. गावात विहार आहेत, शाळांच्या खोल्या रविवारी रिकाम्या असतात. आठवड्याला दोन तासांचा पाली वर्ग सुरू करायला कोणाची परवानगी लागत नाही. शिकवायला मी येईन. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी, वय कितीही असो, व्याख्यान संपल्यावर आपले नाव त्याच टेबलावरच्या वहीत लिहून जावे.